स्पायडरच्या जोड्या लावणं आता थांबवू या

रॉयल पायथनची पैदास करणाऱ्या सर्व छंदी मित्रांना आणि सरीसृपांची प्रदर्शनं भरवणाऱ्या आयोजकांना,

स. न. वि. वि.

रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरवून रॉयल पायथनच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या या बिनविषारी अजगराच्या, जोड्या लावणाऱ्यांपैकी मी एक आहे. पोटात अंडी धरलेली मादी उताणी होऊन उबेशी पडून राहायला लागली, मग तिची अंड्यांआधीची कात पडली, की पुढचा महिना माझं कशात लक्ष लागत नाही. इनक्युबेटर ३१-३२ अंशांवर स्थिर ठेवायचा आणि पंचावन्न-साठ दिवस थांबायचं. मग एके दिवशी अंड्याच्या कातडी कवचाला चीर पडते आणि तिच्यातून बोटाच्या पेराएवढं तोंड बाहेर येतं. त्या क्षणासाठी आपण वर्षभर उंदीर, सापांचे टब, बुरशी आणि नोंदवह्या सांभाळतो. हा छंद बंद पडावा असं मला अजिबात वाटत नाही. तो कुणासमोरही ताठ मानेनं सांगता यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

म्हणणं थोडक्यात असं: पाठीवर कोळ्याच्या जाळीसारखी नक्षी आणणारं स्पायडर जनुक सापाचा तोलही बिघडवतं, म्हणून ते असलेल्या कुठल्याही रॉयल पायथनची यापुढे जोडी लावू नये. त्यात बंबलबी आला, किलर बी आला, हनी बी आणि स्पिनरही आले. बंबलबी म्हणजे स्पायडर आणि पेस्टल, स्पिनर म्हणजे स्पायडर आणि पिनस्ट्राइप, हे आपल्याला पाठ असतं. पहिलाच साप घ्यायला आलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं, आणि टबवरच्या चिठ्ठीत ते दर वेळी लिहिलेलंही नसतं. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो की ही विनंती एका मॉर्फपुरती, म्हणजे रंग-नक्षीच्या एका प्रकारापुरती, नसून ते जनुक जिथे जिथे आहे त्या सगळ्या मिश्रणांबद्दल आहे.

हा साप आपल्याकडे कसा आला ते जुन्या मंडळींना माहीत आहे. १९९२ मध्ये बॉब क्लार्क यांनी अल्बिनो रॉयल पायथनची पैदास करून दाखवली, १९९७ मध्ये पीट काल यांनी अंगावर पांढरे भाग असलेल्या पाइडची, आणि या प्राण्याकडे बघण्याची नजरच बदलली. तोवर घाना, टोगो, बेनिनमधून मोठ्या संख्येनं येणारा, लाजाळू, घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा वळणारा आणि महिनोन्‌महिने उपाशी राहणारा साप एवढीच त्याची ओळख होती. मग १९९९ मध्ये केविन मॅककर्ली यांच्या न्यू इंग्लंड रेप्टाइल डिस्ट्रिब्युटर्समध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका विलक्षण सापापासून पहिली स्पायडर पिल्लं जन्मली. सोनेरी तपकिरी अंग, पाठीवर कोळ्याच्या धाग्यांसारख्या बारीक काळ्या रेषा, कुशीला पांढरं. जनुकाची एकच प्रत असली तरी नक्षी दिसते, त्यामुळे साध्या मादीशी जोडी लावली तरी साधारण निम्मी पिल्लं स्पायडर. एवढं देखणं आणि एवढं सोपं जनुक हाती आल्यावर ते प्रत्येक प्रकल्पात मिसळलं गेलं, यात नवल नाही. आज जगभरात जे स्पायडर आहेत ते त्या एकाच मूळ सापाचे वंशज मानले जातात.

आणि त्या प्रत्येकात वॉबल, म्हणजे डोक्याचं डुलणं, आहे. कुणाचं डोकं नुसतं किंचित थरथरतं, कुणाचं एका बाजूला कलतं, कुणाची मान स्क्रूसारखी पिळत वर जाते आणि साप स्वतःच्याच डोक्यामागे बघत राहतो. उलटा केला तर निरोगी साप लगेच सरळ होतो. वॉबल जास्त असलेल्याला आपण उलटे आहोत हेच उमगत नाही. भक्ष्याचा वास आला, हाताळलं, जागा बदलली, म्हणजे साप जरा उत्तेजित झाला, की हे सगळं वाढतं. म्हणून टबमध्ये निवांत पडलेला स्पायडर पाहून काही ठरवू नये. त्याला मोकळ्या जागेवर, हलतं-चालतं बघावं.

२०१४ मध्ये रोझ आणि विल्यम्स यांनी पशुवैद्यकीय नियतकालिकात या दोषाचा आणि प्राण्याच्या कल्याणाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय याचा आढावा घेतला, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर होतं की हे सगळं वरवरच्या निरीक्षणावर आधारलेलं आहे, आतमध्ये नेमकं काय बिघडलं आहे ते कुणाला कुठे माहीत आहे? त्या उत्तराचा आधार २०२२ मध्ये गेला. म्युनिकमधले प्राणिशास्त्रज्ञ मथियास स्टार्क आणि सहकाऱ्यांनी स्पायडर आणि साध्या रॉयल पायथनच्या डोक्यांचं मायक्रो-सीटी स्कॅन केलं. स्पायडरच्या आंतरकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांच्या टोकाचे फुगीर भाग आणि सॅक्युलस नावाची पिशवी, या सगळ्यांचाच आकार त्यांना बिघडलेला आढळला. वॉबलचं मूळ तिथे आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सापाला कान कुठे असतात, असं म्हणून हे उडवून लावणारेही भेटतात. बाहेरचा कान नाही, पडदाही नाही, हे खरं. जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडातून एका बारीक हाडाकडे आणि तिथून आत पोचतात. पण कवटीच्या आतला आंतरकर्ण सापालाही आपल्यासारखाच आहे, आणि ऐकण्याइतकंच त्याचं दुसरं काम मोठं आहे. तीन दिशांना वळलेल्या तीन नलिकांत द्रव असतो; डोकं वळलं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि नलिकेतल्या संवेदी पेशींना कळतं की डोकं कुठल्या बाजूला, किती वेगानं फिरलं. सॅक्युलसमधल्या जड कणांवरून गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. गवंडी भिंतीची पातळी ज्या नळीतल्या बुडबुड्यावरून बघतो, तशी ही जनावराच्या डोक्यात बसवलेली पातळी. स्पायडरमध्ये ती नळीच वाकडी घडलेली आहे.

आता ज्या प्राण्याला पाय नाहीत त्याच्यासाठी याचा अर्थ काय, ते बघा. पाय असलेला प्राणी चार ठिकाणी जमीन चाचपतो. सापाचं सगळं अंग डोक्यामागून जातं. डोकं जी वाट धरेल तीच पुढचा प्रत्येक मणका धरतो. रॉयल पायथन आळशी आणि जमिनीवर लोळणारा साप आहे असा समज टबांच्या आपल्या रॅकमुळे झाला आहे. नायजेरियातल्या जंगली सापांच्या अभ्यासात लहान पिल्लांच्या आणि नरांच्या पोटात मोठ्या प्रमाणात पक्षी सापडले, म्हणजे हे जनावर झाडावर चढतं. त्याच्या ओठांवरच्या खाचा भक्ष्याच्या अंगातली ऊब ओळखतात आणि झडप डोळ्याची पापणी लवायच्या आत पूर्ण होते. एवढ्या नेमक्या झडपेसाठी डोकं स्थिर असावं लागतं. स्पायडरची झडप चुकते, मग दुसरी, मग तिसरी. आपण चिमट्यानं उंदीर त्याच्या तोंडाशी धरतो, तो पकडतो, आणि आपण वहीत लिहितो, 'व्यवस्थित खाल्लं.'

रंगाचा आणि तोलाचा संबंध काय, असं नवीन लोक विचारतात. संबंध गर्भात आहे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी भ्रूणाच्या पाठीकडच्या चेताशिखा नावाच्या पट्टीतून निघतात आणि अंगभर पसरतात. त्याच पट्टीतून कवटीचे काही भाग, चेतातंतूंच्या गाठी आणि आंतरकर्णात जाणाऱ्या काही पेशीही येतात. म्हणून निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण जास्त आढळतं, डाल्मेशियन कुत्र्यांतही आढळतं. या पेशींच्या प्रवासात ढवळाढवळ करणारं जनुक फक्त कातडीच रंगवेल आणि बाकी कशाला हात लावणार नाही, अशी खात्री निसर्ग देत नाही. पुष्कळ मॉर्फ निर्धोक आहेत: अल्बिनो, पाइड, पेस्टल, क्लाउन यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. स्पायडरमध्ये मात्र ज्या बदलानं पाठीवर ती जाळी येते, त्याच बदलानं कान बिघडतो, असंच सगळं दाखवतं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो की आम्ही कमी डुलणारे निवडून जोड्या लावतो, हळूहळू वॉबल निघून जाईल. हा आक्षेप मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. वॉबल हा जर शेजारच्या दुसऱ्या एखाद्या जनुकाचा दोष असता, तर इतक्या पिढ्यांत आणि हजारो पिल्लांत कधीतरी ती दोन जनुकं वेगळी झाली असती, आणि जाळीदार पण स्थिर डोक्याच्या स्पायडरची एखादी वंशरेषा आज आपल्यात असती. २० वर्षांहून जास्त काळ आणि जगातल्या उत्तमोत्तम पैदासकारांचे प्रयत्न होऊनही ती नाही. जेमतेम थरथरणाऱ्या आईबापांच्या पोटी मान पिळणारी पिल्लं निघतात आणि बेसुमार डुलणाऱ्याच्या पोटी सौम्यही निघतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ब्लॅकहेड या दुसऱ्या मॉर्फशी मिश्रण केलं की डुलणं कमी होतं, असं अनेक जण सांगतात. पण त्या मिश्रणात स्पायडरची नक्षीही जवळजवळ पुसली जाते. नक्षी गेली तेव्हाच तोल आला, यावरून त्या दोन्ही गोष्टी एकच आहेत हेच पुन्हा दिसतं.

दुसरा आक्षेप: 'माझा स्पायडर खातो, वाढतो, मादी वेळेवर अंडी घालते, मग त्रास कुठे आहे?' साप ओरडत नाही. लंगडत नाही, कण्हत नाही, तोंड पाडून बसत नाही. त्याला काय वाटतं हे ओळखायला आपल्याकडे त्याच्या हालचालीखेरीज काही नाही, आणि हालचाल तर डोळ्यांसमोर बिघडलेली आहे. आंतरकर्ण बिघडलेल्या माणसाला विचारलं तर तो जग फिरण्याबद्दल, मळमळीबद्दल सांगतो. सापाला तसंच वाटतं असं मी म्हणणार नाही. पण संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हे ठरवायची पाळी आली, तर तो मुक्या जनावराला मिळाला पाहिजे, त्याच्या पाठीवरच्या नक्षीला नव्हे. जंगली सापापासून ही ओळ सुरू झाली, म्हणजे तो निसर्गातही जगला असणार, हा युक्तिवादही तोकडा आहे. निर्यात होणाऱ्या रॉयल पायथनमध्ये पकडलेल्या माद्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठ्या प्रमाणात असतात. अशा जिवाला जंगलात एकही उंदीर पकडावा लागलेला नसतो. आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांची पैदास चालते म्हणून आपलीही चालावी, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की श्वास न पुरणाऱ्या त्या कुत्र्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं?

आपल्या छंदानं याआधी अशा वाटा सोडल्या आहेत. डेझर्ट मॉर्फ आठवतो? नक्षी अप्रतिम, पण त्याच्या माद्यांना नीट अंडी घालता येईनात, अंडी अडकून त्या मरायला लागल्या, आणि थोड्याच काळात डेझर्ट बाजूला पडला. लेपर्ड गेको या पाळीव पालींमध्ये लेमन फ्रॉस्ट हा मॉर्फ आला तेव्हा सगळे हरखले होते. मग कळलं की त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्राण्यांना कातडीच्या पांढऱ्या गाठी, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग होतो. २०२१ मध्ये त्यामागचं जनुकही शोधलं गेलं. अनेकांनी ती पैदास बंद केली. मग स्पायडरच का टिकला? मला यामागचं कारण कटू वाटतं. डेझर्टनं पैदासकाराचं नुकसान केलं, कारण मादी अंडी देईना. लेमन फ्रॉस्टच्या गाठी गिऱ्हाईकाला दिसत होत्या. स्पायडर मात्र खातो, जुळतो, अंडी देतो. त्याची सगळी किंमत फक्त साप मोजतो, म्हणून तो टिकला.

थांबणं मात्र इथे जितकं सोपं आहे तितकं क्वचितच असतं. कॅरेमल अल्बिनोची गोष्ट वेगळी. त्यात मणक्याला बाक येतो आणि जनुक अप्रभावी असल्यानं ते साध्या दिसणाऱ्या सापांत पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतं. स्पायडर असा लपत नाही. एका प्रतीतच दिसतो, म्हणून स्पायडरच्या एका वेळच्या अंड्यांतलं, आपण ज्याला क्लच म्हणतो त्यातलं, जे पिल्लू साधं दिसतं ते साधंच असतं. त्याची खुशाल पैदास करा. तुमच्या दहा वर्षांच्या क्लाउन किंवा पाइड प्रकल्पात स्पायडर शिरला असेल तर सगळा प्रकल्प टाकून द्यायची गरज नाही. स्पायडर नसलेली भावंडं ठेवा आणि पुढच्या पिढीत तो प्रकल्प स्वच्छ आहे. स्पायडर-स्पायडर जोडी लावणाऱ्यांना तर एक चतुर्थांश पिल्लं दोन प्रतींची मिळायला हवीत, पण असा साप वाढवून प्रौढ करून कुणीही दाखवलेला नाही. ती अंड्यातच संपतात असं मानलं जातं.

डोळ्यांना चकवणारी ठिकाणं थोडी आहेत, ती सांगून ठेवतो. स्पायडर आणि पाइड एकत्र आले की अंग जवळजवळ पूर्ण पांढरं होतं, त्यामुळे जाळी दिसायला जागाच उरत नाही. निळ्या डोळ्यांचा पांढराशुभ्र ल्युसिस्टिक असेल तर त्याच्या आत काय काय दडलं आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही. ब्लॅकहेडचं वर आलंच. अशा सापांच्या आईबापांची नोंद नसेल तर त्यांची जोडी लावू नये. नोंदवही नीट ठेवणाऱ्याला यात काहीच अवघड नाही.

स्पायडर एकटा नाही, हेही मान्य. वोमा, हिडन जीन वोमा, शॅम्पेन या मॉर्फमध्येही वॉबल आहे, आणि शॅम्पेन-स्पायडर मिश्रणाची पिल्लं जगत नाहीत. सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये, म्हणजे त्या जनुकांच्या दोन प्रती असलेल्या सापांत, चपटं, बदकासारखं तोंड आणि वाकडे मणके निघतात. कार्पेट पायथनमधला जॅग्वार तर याच गोष्टीची दुसरी आवृत्ती. दोन प्रतींचा पांढरा जॅग्वार जगत नाही आणि एका प्रतीच्या कित्येक सापांना तोलाचा त्रास असतो. या सगळ्यांवर बोललं पाहिजे. सुरुवात स्पायडरपासून करू या म्हणतो, कारण त्याच्याबद्दल पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि तो सर्वांत जास्त पसरला आहे.

एक धोका आपल्या बैठकांत फारसा निघत नाही, तो इथे मुद्दाम मांडतो. इन्क्लुजन बॉडी डिसीज हा बोआ आणि अजगरांचा जीवघेणा संसर्ग आहे. त्यामागे अरेनाव्हायरसच्या जातीचे विषाणू असल्याचं २०१२ मध्ये पुढे आलं. अजगरांत त्याची लक्षणं कुठली? डोकं कलणं, थरथर, उलटं केलं तर सरळ न होता येणं, मान वर करून बघत राहणं. म्हणजे ज्याच्या घरात स्पायडर आहेत त्याला रोगाची पहिली खूण नेहमीचीच वाटणार. 'स्पायडरच तो, डुलणारच,' असं म्हणत आठवडे जातील आणि तोवर शेजारच्या टबांत संसर्ग पोचलेला असेल. आपण एका नक्षीसाठी आपल्या सगळ्या सापांच्या आरोग्याची धोक्याची घंटा बंद करून ठेवली आहे.

आणि हा त्रास किती काळाचा? रॉयल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या मादीनं २०२० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, नराशिवाय अंडी घातली. ती १९६१ पासून तिथे होती. आपण जे पिल्लू एका दुपारी टेबलावरून कुणाच्या हातात देतो, ते कदाचित त्या माणसाच्या मुलांपर्यंत पोचणार आहे. एवढी वर्षं प्रत्येक झडपेला, प्रत्येक वळणाला तोल शोधत राहायचं, हे त्या जिवासाठी आपण जोडी लावायच्या दिवशी ठरवलेलं असतं.

ज्यांच्याकडे आज स्पायडर आहेत त्यांनी ते टाकावेत असं कुणी समजू नये. बाहेर सोडायचा तर विचारही नको. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मीज पायथननं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अजगर जिथे सर्वांत जास्त काळ आहेत तिथे रकून हा प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. त्याच वर्षी अमेरिकेनं बर्मीज पायथनसह चार जातींच्या आयातीवर बंधनं आणली, आणि ज्यांनी कधी एक साप बाहेर सोडला नव्हता त्यांनाही ती सोसावी लागली. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आहे तो साप त्याच्या मरणापर्यंत सांभाळावा. त्याच्या पेटीत उंच फांद्या नकोत, लपायची जागा जड आणि न हलणारी असावी, पाण्याचं भांडं उथळ असावं. जिवंत उंदीर कधीच देऊ नये, कारण झडप चुकली की उंदीर चावतो. मेलेला, कोमट केलेला उंदीर चिमट्यानं जवळ धरून, घाई न करता द्यावा. हाताळणं कमी, तापमान स्थिर, जागा शक्यतो तीच. वॉबल इतका असेल की खाणंच जमत नाही, तर पशुवैद्याकडे नेऊन शांत मरण देऊन सोडवणं हेही प्रेमच आहे. फक्त जोडी लावायची नाही.

काही मित्र म्हणतील, एवढी वर्षं गुंतवली, निम्मा रॅक स्पायडरच्या मिश्रणांचा आहे, आता काय करू? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. पैसा आहे, त्याहून जास्त वेळ आहे, आणि स्वतःच्या हातानं उबवलेल्या पिढ्यांचा लळा आहे. पण सापाच्या पैदाशीत आपलं खरं भांडवल नजर आणि नोंदी हेच असतं, आणि ते कुठे जात नाही. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये अल्बिनो रॉयल पायथनचं जनुक शोधलं, ते कशाच्या जोरावर? पाळणाऱ्यांनी आणि पैदासकारांनी पाठवलेल्या कातींच्या जोरावर. आपण कचऱ्यात टाकतो त्या कातीतून विज्ञानाला एवढं देता आलं. या हौशी लोकांना प्राण्याचं कळतं, असं जगानं म्हणावं, याला तो एक भक्कम दाखला आहे, आणि स्पायडरच्या बाबतीत आपण स्वतःहून थांबलो तर तो दुसरा ठरेल. नाही थांबलो, तर दुसरे थांबवतील. जर्मनीच्या प्राणिकल्याण कायद्यात त्रासदायक पैदाशीला मनाई करणारं कलम, ११ ब, आधीच आहे. कायदा लिहिणाऱ्याला पेस्टल आणि स्पायडरमधला फरक कळेलच असं नाही. तो सगळ्या मॉर्फवर एकदम रेघ मारून मोकळा होईल.

आता आयोजकांशी थोडं. तुमच्या हातात आमच्यापेक्षा जास्त आहे, कारण जे टेबलावर ठेवता येत नाही ते फार काळ उबवलं जात नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटी या सरीसृपप्रेमींच्या संस्थेनं आपल्या प्रदर्शनांत स्पायडर विकायला मनाई केली आणि तिची प्रदर्शनं काही ओस पडली नाहीत. तुम्हीही विक्रेत्यांच्या अर्जात लिहा की स्पायडर जनुक असलेला कुठलाही साप, कुठल्याही नावानं, या ठिकाणी विकता येणार नाही. प्रत्येक डबीवरच्या चिठ्ठीत मॉर्फच्या लाडक्या नावाबरोबर त्यातली सगळी जनुकं लिहिलेली असावीत. ग्राहकानं मागितलं तर विक्रेत्यानं साप डबीतून काढून, सपाट जागेवर चालवून दाखवावा. आणि सापांची माहिती असलेला एक पशुवैद्य दिवसभर टेबलांमधून फिरता ठेवा, त्याला एखादा प्राणी विक्रीतून काढायला सांगायचा अधिकार द्या. पहिल्या वर्षी कुरकुर होईल, दोन-चार मोठे विक्रेते येणार नाहीत अशी धमकीही देतील. तेव्हा माघार घेऊ नका; आमच्यातले बरेच जण तुमच्या बाजूनं उभे राहतील, मीही राहीन.

आणि पैदासकार मित्रहो, थोड्याच दिवसांत आपण सगळे पुढच्या हंगामाच्या जोड्यांची यादी करायला बसू. या वेळी यादीतल्या प्रत्येक नरापुढे आणि मादीपुढे त्यांची सगळी जनुकं लिहा, आणि जिथे स्पायडर आहे ती ओळ खोडा. तिथे कुठली जोडी लावावी असा प्रश्न पडला, तर मला लिहा. माझ्याकडच्या नोंदी आणि स्पायडर नसलेले नर, दोन्ही देण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रॉयल पायथनचा एक पैदासकार